भिंत, गोधडी, किल्ला आणि शेजारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पाच-सहा जण पुण्यात वस्त्यांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये शेजाऱ्यांना जमवून भिंती रंगवतो, गोधड्या शिवतो, कधी नुसता दिवाळीचा किल्ला करतो. आमच्यात एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, एक पेंटर आणि एक समुपदेशक आहेत, बाकी सगळे हौशी. व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा उगाळलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कम्युनिटी आर्ट म्हणजे नक्की काय? आमच्या सोसायटीत गणपतीत रांगोळी स्पर्धा असते, ती यात धरायची का?

स्पर्धा नका धरू. स्पर्धेत प्रत्येकीची चौकट वेगळी, रंग वेगळे, आणि शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना पहिला नंबर मिळाला म्हणून दुसऱ्या मजल्याचा अबोला. (झालेलं आहे.) आम्ही ज्याबद्दल बोलतोय त्यात वस्तू एकच असते, सगळ्यांचे हात तिला लागतात आणि ती कुणा एकाची नसते.

शब्द नवा आहे, प्रकार आपल्याकडे जुनाच. हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती मांडून भोवती फेर धरायचा तो भोंडला घ्या. त्यात प्रेक्षक नावाची जात नसते, आवाज बेसूर असला तरी खपतो, आणि खिरापत ओळखायच्या निमित्ताने कुणाच्या घरी काय शिजतं ते सगळ्यांना कळतं. तुकोबांची पालखी नाना पेठेत आणि ज्ञानोबांची भवानी पेठेत मुक्कामाला येते, तेव्हा वाटेवर रांगोळ्या घालणाऱ्या बायका एकमेकींच्या ओळखीच्या असतातच असं नाही. दिवाळीच्या किल्ल्याला एका विंगमधून माती येते, दुसरीतून विटा, आणि मावळे कुणाच्या तरी माळ्यावरच्या खोक्यातून. मंडळाचा जिवंत देखावाही याच घरातला. (गणेशोत्सव पहिल्यांदा कुणी सुरू केला, या वादात कृपया या पानाला ओढू नका.)

२. चित्र काढून दुःख हलकं होतं, हे मला पटत नाही. कसं काय होईल?

चित्रामुळे होत नाही, असंच आमचंही मत आहे.

‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण आपण अंगावर पडल्यावर काम जमतं अशा अर्थाने वापरतो. पण ती शब्दशः घेऊन बघा. पहाटेचा अंधार, समोर जाऊ किंवा सासू, दोघींचे हात एकाच खुंट्यावर, नजर दळणावर. डोळ्यांत डोळे घालून जे बोलता आलं नसतं ते तिथे निघायचं : माहेर, गेलेलं मूल, नवऱ्याचा मार. पुण्यात राहून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचल्या की कळतं, पीठ हे निमित्त होतं. आम्हाला भिंतीपाशी तेच दिसतं. शेजारी-शेजारी उभं राहून एकच काम करताना माणसं बोलतात, आणि बोलायचं नसेल तर गप्प राहिलेलंही विचित्र दिसत नाही.

अभ्यास हवेच असतील तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. मनःस्वास्थ्य, एकटेपणा, दीर्घ आजार अशा बऱ्याच बाबतींत कलेचा हातभार लागतो, असं तो सांगतो. सगळे अभ्यास सारख्या तोलाचे नाहीत, हेही त्यात आहे. म्हणून आम्ही कुणाला ‘बरं वाटेलच’ असं सांगत नाही. ‘चहा मिळेल’ एवढं नक्की सांगतो.

३. म्हणजे ही आर्ट थेरपी का?

नाही. थेरपीत प्रशिक्षित माणूस असतो, तो एका व्यक्तीची किंवा छोट्या गटाची जबाबदारी घेतो, गोपनीयता पाळतो, ठरावीक दिवसांनी पुन्हा भेटतो. आम्ही यातलं काहीही करत नाही. पोस्टरवर ‘हीलिंग वर्कशॉप’ लिहायचा मोह आवरा. नुसतं ‘रविवारी सकाळी भिंत रंगवायची आहे, या’ असं लिहा.

कुणाला झोप लागत नाही, जेवण सुटलंय, जीव नकोसा झाल्याची भाषा निघतेय असं दिसलं, तर ब्रश देऊन भागणार नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आम्ही हा क्रमांक रंगाच्या डब्यांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.

४. आमच्यात कुणालाच चित्र काढता येत नाही. मग?

उत्तम. एक फार चांगला चित्रकार असला की बाकीचे बघत बसतात.

भिंतीसाठी चौकटीची पद्धत वापरा. कागदावरच्या छोट्या चित्रावर एक-एक इंचाच्या चौकटी पाडायच्या, भिंतीवर सुतळीला गेरू लावून एक-एक फुटाच्या पाडायच्या. मग प्रत्येक चौकटीत कागदावर जे दिसतं तेवढंच उतरवायचं. ज्याला हत्ती काढता येत नाही त्यालाही हत्तीच्या कानाची वाकडी रेष काढता येते. रांगोळीचे ठिपके जोडणाऱ्या हातांना हे दहा मिनिटांत समजतं, इंजिनिअर लोकांना जरा जास्त वेळ लागतो.

भिंत नको असेल तर गोधडी. जुनी साडी खाली पसरायची, वर कपड्यांचे थर, मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायची, आणि चारी बाजूंनी बसून कडेकडून मध्याकडे धावदोरा घालत यायचं. धावदोरा येत नाही असा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. टाके वेडेवाकडे येतात, पण कुणाचे कुठले ते नंतर ओळखता येतात, त्याचीही मजा असते.

हाताचे रंगीत ठसे उमटवणं मात्र शक्यतो टाळा. हे आमचं वैयक्तिक मत. पाच मिनिटांत उरकतं, सगळे हात धुऊन घरी जातात, बोलणं होतच नाही.

५. पहिल्या बैठकीला चारच जण आले, त्यातले दोघं माझ्या घरचे. पुढे जायचं का?

जायचं. गोधडीच्या चार बाजू भरल्या. बैठक मात्र दुसऱ्यांदा घेऊ नका. पुणेरी बैठकीत विषयपत्रिका निघते, मग सूचना, मग सूचनेला सूचना. थेट काम मांडून जाण्या-येण्याच्या वाटेवर बसा : जिन्याखाली, पारावर, नळाजवळ. लोक ‘काय चाललंय?’ विचारायला थांबतात, तेव्हा उत्तराबरोबर सुईही हातात द्यायची.

वॉचमनकाका, कामाला येणाऱ्या मावशी, इस्त्रीवाले यांना बोलवायला विसरू नका. ‘शेजारी’ म्हणजे नेमके कोण, ते बहुतेक सोसायट्यांना इथेच पहिल्यांदा ठरवावं लागतं.

६. भिंत रंगवायला परवानगी कुणाची लागते?

भिंत ज्याची त्याची, आणि ती लेखी. सोसायटीच्या भिंतीसाठी कमिटीच्या सभेत ठराव करून इतिवृत्तात नोंद करून घ्या. ‘सेक्रेटरी हो म्हणाले’ यावर विसंबून काम केलं आणि पुढच्या निवडणुकीत सेक्रेटरी बदलले, की भिंत पांढरी होते. महापालिकेच्या भिंतीसाठी आपल्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या, चित्राचा कच्चा आराखडा जोडा आणि पोच घ्या. परवानगीशिवाय सार्वजनिक भिंतीवर काही काढणं १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यात अडकू शकतं, हेतू कितीही चांगला असला तरी.

खासगी वाड्याची भिंत असेल तर मालक आणि भाडेकरू दोघांनाही विचारा. पेठांमध्ये या दोघांचा दावा चालू असण्याची शक्यता बरीच असते, आणि तुमचं चित्र उद्या पुरावा म्हणून सादर व्हायचं.

शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर यांसारख्या संरक्षित वास्तूंच्या भिंतींचा विचारही करू नका. महावितरणच्या डीपीच्या पेट्यांनाही हात लावायचा नाही. तिथे कायद्याच्या आधी जिवाचा प्रश्न आहे.

७. रंग कुठला, किती आणि कधी?

आधी ‘कधी’. पुण्यात दसरा-दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळा संपल्या संपल्या भिंत कोरडी दिसते, पण आत ओल असते. प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं तर अजून थांबायचं. एप्रिल-मेमध्ये रंग ब्रशवरच वाळतो आणि माणसंही.

तयारीला अर्धा वेळ जातो आणि ती कुणालाच करायची नसते. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुवायचं. पांढरा खार फुटला असेल तर आधी गळती शोधायची, नाहीतर पहिल्याच वर्षी पोपडे. मग एक्स्टेरियर प्रायमर, त्यावर पांढऱ्या एक्स्टेरियर इमल्शनचे दोन हात. दहा बाय वीस फुटांच्या भिंतीला दोन हातांसाठी साधारण चार लिटर धरा. चित्रासाठी वेगवेगळ्या रंगांचे डबे आणू नका. पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर (दाट रंगद्रव्य) मिसळून छटा करा, खूपच स्वस्त पडतं. आम्ही सामान रविवार पेठेत बोहरी आळीतून आणतो. शनिवारी दुपारी जाऊ नका.

लोकांना हात पोहोचेल तेवढंच रंगवू द्या. त्यावरचं काम परांची बांधून पेंटरने करायचं, हौशी माणसांनी नाही.

८. खर्च किती येतो?

गोधडीला जवळजवळ शून्य. भिंतीला रंग, ब्रश, परांची आणि चहा, यात चहा स्वस्त आणि सर्वांत आवश्यक. वर्गणी काढायची तर सगळ्यांना परवडेल एवढी लहान ठेवा आणि हिशेब नोटीस बोर्डावर लावा. पैसे कुणी एकाने देऊ केले तर प्रश्न १३ पाहा.

९. आमच्या वस्तीत पूर आला होता. लोकांचं खूप नुकसान झालं. तिथे काही करता येईल का?

करता येईल, पण लगेच नाही. हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा पाणी ओसरल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी येतो. त्या वेळी लोकांना फावडी, कोरडे कपडे आणि पंचनाम्यात नाव हवं असतं. तुम्हाला मदत करायचीच असेल तर ब्रश घरी ठेवून चिखल काढायला जा. आमच्या अनुभवात निदान एक पावसाळा मध्ये जाऊ द्यावा.

पुण्याला याची सवय नाही असं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, खडकवासलाही टिकलं नाही, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. घर गेलेल्या कुटुंबांसाठी शहरात पूरग्रस्तांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. आजही जुनी माणसं चालता चालता थांबून भिंतीवर डोक्याच्या वर बोट दाखवतात : ‘इथवर होतं.’ २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत शिरला. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी आलं. प्रत्येक वेळी तेच बोट, नवी उंची.

आम्ही ओढ्याकाठच्या एका वस्तीत या बोटापासूनच सुरुवात केली. विषय ठरवला नाही, फक्त भिंतीवर पाण्याची रेष काढायला सांगितली. वाद लागला! एक म्हणे कमरेएवढं, दुसरी म्हणे छातीएवढं. मग कोण कुठे उभं होतं, कुणी कुणाच्या म्हाताऱ्या आईला खांद्यावर घेतलं, गॅसचा सिलिंडर कसा तरंगत गेला, हे सगळं त्या वादात निघालं. रेष शेवटी एका घरापाशी उंच, दुसऱ्यापाशी खाली अशी वाकडीच आली, कारण गल्लीला उतार आहे. त्या रेषेखाली ज्याने त्याने वाहून गेलेली एक वस्तू काढायची असं ठरलं. शिलाई मशिन, दप्तर, बकरी, लग्नाचा अल्बम. एका आजींनी नुसता एक स्टीलचा डबा काढला आणि त्यात काय होतं ते सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

तीन गोष्टी सांभाळा. वस्तीतल्याच माणसांनी ‘हवं’ म्हटलं पाहिजे, बाहेरच्या संस्थेने नव्हे. भरपाई अडकलेली असेल तर चित्राच्या उद्घाटनाला अधिकाऱ्यांना बोलावून फुलं देऊ नका, लोकांना ते झोंबतं. आणि पावसाळ्याच्या तोंडावर असं काम सुरू करू नका. आभाळ भरून आलं की तिथे लहान मुलं अजूनही दप्तर उचलून माळ्यावर ठेवतात.

१०. कोविडमध्ये आमच्या बिल्डिंगमधली तीन माणसं गेली. त्यांची चित्रं भिंतीवर काढावीत का?

चेहरे शक्यतो नकोत. हौशी हाताने काढलेला चेहरा थोडा जरी चुकला तरी घरच्यांना रोज येता-जाता टोचतो, आणि ‘बदला’ म्हणायचा संकोच वाटतो. वस्तू काढा. जोशीकाकांची म्हणून सगळ्या बिल्डिंगला माहीत असलेली सायकल काढली तरी काका येतात.

राज्यातले कोविडचे पहिले रुग्ण मार्च २०२० मध्ये पुण्यात सापडले. त्यानंतरच्या दोन वर्षांत गेलेल्या कित्येकांना खांदा मिळाला नाही, दहाव्याला चार माणसं जमली नाहीत. शेजारच्या घरात माणूस गेला आणि आपण दारातूनच हात जोडले, याची बोच अजून आहे. त्यासाठी गोधडी फार चांगली. गेलेल्या माणसाच्या कपड्याचा एक तुकडा घरच्यांनी द्यायचा, बाकीच्यांनी भोवती शिवायचं. अमेरिकेत एड्सने गेलेल्यांसाठी १९८७ मध्ये असंच झालं. प्रत्येक माणसामागे तीन फूट बाय सहा फुटांचा एक कापडी तुकडा, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये तो पट पहिल्यांदा अंथरला तेव्हा १,९२० तुकडे होते, पुढे त्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात गेली. त्यातल्या अनेकांचे अंत्यविधीही धड झालेले नव्हते.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ हा दिनकर केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. दिवे, अडकित्ते, वेण्या-फण्यांच्या पेट्या, पोळपाट : बापाने आयुष्यभर लोकांच्या घरातल्या वस्तू जमवल्या, त्यावर मुलाचं नाव घातलं आणि १९७५ मध्ये सगळं राज्य सरकारला देऊन टाकलं. शाळेच्या सहलीत हे कुणी सांगत नाही, नुसतं ‘रांगेत चला’ सांगतात.

कुटुंबाची संमती घ्या, ती सगळ्यांची. मुलगा हो म्हणाला आणि पत्नीला नको असेल, तर नको.

११. काम चालू असताना कुणी रडायला लागलं तर काय करायचं?

पाणी द्या, जवळ थांबा, काम थांबवू नका. सगळ्यांनी ब्रश खाली ठेवून भोवती गर्दी केली की त्या माणसाला लाजल्यासारखं होतं. ‘रडू नका’ म्हणू नका, ‘बोला, मोकळे व्हा’ असंही नको. कुणालाही गोलात बसवून आपलं दुःख सांगायला लावायचं नाही, हा आमचा एकमेव कडक नियम.

त्या दिवशी माणूस हलका होऊनच घरी जातो असंही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सर्वांत वाईट अनुभवाबद्दल लिहायला लावलं. लिहिल्या लिहिल्या त्यांचं मन आणखी जड झालेलं आढळलं, फायदा दिसला तो पुढच्या महिन्यांत. म्हणून संध्याकाळी एखाद्या शेजारणीने सहज म्हणून ‘भाजी काय केली?’ विचारायला डोकावून यावं, हे आम्ही आधीच ठरवून ठेवतो. त्रास जास्त वाटला तर प्रश्न ३.

१२. आमच्या गल्लीत दोन गटांत जुनं भांडण आहे. एकत्र चित्र काढलं तर मिटेल का?

भांडण कशावरून आहे त्यावर अवलंबून. गैरसमज, अबोला, मुलांच्या मारामारीतून मोठ्यांची झालेली मारामारी, इथे उपयोग होतो. पण पाणी एका बाजूला दोन तास आणि दुसऱ्या बाजूला अर्धा तास येत असेल, किंवा एका गटाने दुसऱ्याचा रस्ता अडवला असेल, तर तिथे ‘एकोप्याचं’ चित्र काढणं म्हणजे कमी पाणी मिळणाऱ्यांना गप्प बसवणं. आधी पाण्याचं बघा. अशा ठिकाणी चित्रापेक्षा नाटक बरं. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरमध्ये अन्यायाचा प्रसंग करून दाखवतात आणि मग प्रेक्षकातला कुणीही उठून पात्राच्या जागी उभा राहून वेगळं वागून बघतो. पश्चिम बंगालमध्ये ‘जन संस्कृती’ या नाट्यसंस्थेने हे खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षं केलं आहे. हे करायला जाणता माणूस हवा, हौसेने करू नका.

आता रंगांचं. आपल्याकडे निळा, भगवा आणि हिरवा हे नुसते रंग नाहीत. आभाळ निळं रंगवलं तरी कुणीतरी विचारतं की एवढं का निळं. एका ठिकाणी आम्ही हुशारी करून तिन्ही टाळले आणि सगळी भिंत बदामी-तपकिरी केली. ती इतकी मरगळलेली दिसू लागली की दोन्ही गट एकत्र येऊन आमच्यावर वैतागले. तेव्हापासून आम्ही रंग टाळत नाही, पण कुठला रंग कुठे हे दोन्ही बाजूंच्या बायकांना बरोबर बसवून ठरवून घेतो. पुरुषांना बसवलं की झेंड्याची उंची निघते.

१३. एक स्थानिक नेते सगळा खर्च द्यायला तयार आहेत. फक्त कोपऱ्यात त्यांचं नाव हवं म्हणतात.

कोपरा वाढत जातो. आधी ‘सौजन्य’, मग फोटो, मग शेजारी वरिष्ठांचा फोटो, आणि वाढदिवसाला सगळ्यावर फ्लेक्स. पैसे हवेच असतील तर रंगाचे डबे मागा आणि आभार नोटीस बोर्डावर माना. तेवढ्यावर ते तयार झाले तर माणूस चांगला आहे.

१४. वारली काढावी म्हणतोय. सोपी असते ना?

दिसते सोपी. त्रिकोणी माणसं आणि तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) काढला की वारली झाली, असं समजून पुण्यातल्या निम्म्या बाल्कन्या रंगल्या आहेत. पालघर-डहाणूकडे लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात तो विधी आहे, आणि तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. ती चित्रं कागदावर आणून जगभर नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारलीला भौगोलिक मानांकनही आहे. तुम्हाला हीच शैली हवी असेल तर वारली चित्रकाराला बोलवा, प्रवासखर्च आणि मानधन द्या, आणि त्याच्या हाताखाली काम करा. नाहीतर आपल्या गल्लीतलंच काढा : पाण्याची टाकी, मांजरं, ‘येथे वाहने लावू नयेत’ची पाटी. ते जास्त जमतं.

१५. अंथरुणाला खिळलेले किंवा घराबाहेर न पडणारे ज्येष्ठ यात कसे येतील?

काम त्यांच्याकडे न्या. गोधडीचे हातभर तुकडे घरी देता येतात, नंतर जोडता येतात. हात थरथरतात त्यांना मोठा डोळा असलेली दाभणासारखी सुई आणि जाड दोरा द्या. पुण्यात पार्किन्सन्सचे रुग्ण नृत्याच्या वर्गात नाचतात, तेव्हा टाक्यांचं काय घेऊन बसलात! ज्यांना काहीच धरवत नाही त्यांना रंग निवडायला लावा. एका आजोबांनी खाटेवरून खिडकीतून बघत सहा दिवस फक्त चुका काढल्या, आणि सातव्या दिवशी ‘आज का नाही आलात?’ म्हणून फोन केला.

१६. भोंडला, भजन, शाहिरी असं काही रात्री केलं तर आवाजाची तक्रार होईल का?

लाउडस्पीकर लावला तर होईल, आणि व्हायलाही हवी. रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच. दिवसाही निवासी भागात मर्यादा ५५ डेसिबलची आहे. भोंडल्याला माईक लागतो हे कुणी आणि कधी ठरवलं, कळत नाही.

१७. फोटो आणि रील टाकायचे का?

भिंतीचे टाका, माणसांचे विचारून. पूर, मृत्यू अशा विषयावर काम चालू असताना फोन खिशात.

१८. चित्रावर कुणीतरी पानाची पिंक टाकली. आता बिल्डिंग पुनर्विकासाला जातेय, भिंतच पाडणार आहेत. आमचा काही हक्क आहे का?

पिंक ओल्या फडक्याने लगेच पुसा, डाग राहिला तर त्यावर जास्वंद काढा. देवाची टाइल लावू नका. देवाला पहारेकरी करणं बरं दिसत नाही.

हक्काचं जरा गुंतागुंतीचं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कलाकाराला, त्याने चित्र विकलं तरी, त्याच्या कामाची विटंबना रोखण्याचा अधिकार देतं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत द्यायला लावलं, वर पाच लाख रुपये भरपाई दिली. पण ते एका नामवंत शिल्पकाराचं, सुटं करता येणारं काम होतं. चाळीस जणांनी मिळून इमल्शनने रंगवलेल्या, दुसऱ्याच्या मालकीच्या भिंतीसाठी या निकालावर भिस्त ठेवू नका. परवानगीच्या पत्रातच लिहून घ्या की भिंत पाडायची किंवा पुन्हा रंगवायची झाली तर महिनाभर आधी कळवावं.

मग त्या महिन्यात काय करायचं? एका वाड्याच्या बाबतीत आम्ही भिंतीवर मांजरपाट लावून चित्राच्या बाह्यरेषा कोळशाने छापून घेतल्या आणि त्या कापडाची गोधडी केली. भाडेकरू आता तीन वेगवेगळ्या उपनगरांत आहेत. गोधडी चार-चार महिने एकेका घरी असते. सध्या ती धायरीत आहे आणि पोहोचवायला गाडी लागणार आहे. कात्रजच्या बाजूला जाणारं कुणी असेल तर कळवा.